बाईसची गोळी

आत्याचं शेत मोठ गावाच्या अलीकडे, कानपूरच्या हमरस्त्यावरून आत वळलं की नाल्याच्या काठाला लागतं. आतोबांचं घराणं मूळचं गुरसरायचं, तिथल्या मराठी जहागिरीत कारकुनी करणारं. जहागीर गेली, कारकुनी गेली आणि आतोबांच्या वाटणीला ही नाल्याकाठची जमीन आली. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर आत्याने झाशीला आमच्याकडे येऊन राहावं म्हणून दादाने खूप सांगून पाहिलं. "मटार निघू दे, मग बघू," ती म्हणायची. मटार निघाला की गव्हाचं पाणी असायचं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सिंचाई विभागात नकाशे काढायचा. आमची आई लवकर गेली, तेव्हा आत्याने त्याला दोन वर्षं आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. त्यामुळे तो तिचा भाचा कमी आणि मुलगाच जास्त होता. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, दादा-वहिनींच्या घरातच वरच्या खोल्यांत राहते. दर पंधरा-वीस दिवसांनी दादा शेतावर जायचा आणि बहुतेक वेळा मीही सोबत असायचे. वहिनीला शेताची ओढ नव्हती. तिथे रायफल आहे म्हणून तर नव्हतीच.

रायफल आतोबांची होती. लहान बोअरची, बारीक नळीची, दिसायला खेळण्यासारखी. विलायती होती आणि आतोबांनी ती कुणा निवृत्त अधिकाऱ्याकडून रीतसर घेतली होती. ते गेल्यावर वारस म्हणून लायसन्स आत्याच्या नावावर झालं. आमच्याकडे सगळे तिला 'बाईसची' म्हणत. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण बावीस हा आकडा रायफलीच्या बाबतीत कायम हिंदीतच राहिला.

आत्याने त्या रायफलीने कधी जनावर मारलं नाही. हिवाळ्यात नीलगायींचे कळप नाला उतरून मटारात शिरत, एका रात्रीत अर्धं शेत तुडवून जात. मग आत्या मचाणाच्या पायरीवर बसून नाल्याच्या या काठाच्या उंच मातीत एक गोळी झाडायची. चाबूक ओढल्यासारखा कडक आवाज व्हायचा आणि कळप उधळायचा. "जनावराला लागता कामा नये," ती सांगायची, "आणि गोळी मातीतच शिरली पाहिजे. वर आभाळात उडवायची नाही." हे दोन्ही नियम तिला आतोबांनी घालून दिलेले होते. हंगामात तिला चार-पाच गोळ्या पुरायच्या, त्यामुळे आतोबांनी मागे ठेवलेली पेटी बरीच वर्षं गेली. पेटीचा पुठ्ठा ओलीने कुजला, तेव्हा तिने त्या गोळ्या पत्र्याच्या एका डबीत काढून ठेवल्या आणि पुठ्ठा चुलीत घातला. त्यावर काय छापलेलं होतं ते तिला आठवत नाही. तिने ते कधी वाचलंच नव्हतं.

डबी रिकामी झाली तेव्हा आत्या लायसन्स घेऊन झाशीला आली. गोळ्या लायसन्सवाल्यालाच मिळतात, म्हणून दादा तिला स्वतः दुकानात घेऊन गेला. आतोबा ज्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून गोळ्या घ्यायचे तो वारला होता, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसला होता. आत्याने लायसन्स पुढे केलं आणि म्हणाली, "बेटा, बाईस की गोली दे दो." त्याने लायसन्सवरचा बोअर वाचला, नोंद केली आणि पेटी दिली. पाच मिनिटांचं काम. येताना दोघांनी माझ्यासाठी जिलेबी आणली होती.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं शेतावर होतो. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. आत्याचा बटाईदार, म्हणजे वाट्याने शेत करणारा, सांगत आला की नाल्याच्या अंगाला पुन्हा कळप आला आहे. आत्याचा उजवा खांदा त्या दिवसांत दुखायचा. दादा म्हणाला, "आण, मी काढतो एक बार." तशी त्याने ती पूर्वीही आत्यासमोर दोन-तीनदा चालवली होती. आत्याने रायफल त्याच्या हातात दिली, नव्या पेटीतून एक गोळी काढून दिली. त्याने वाचायचा चष्मा कपाळावर सरकवला, गोळी आत घातली आणि थांबला.

"आत्या, सैल बसतेय का गं ही?"

आत्या मटाराच्या वेलांकडे बघत होती. "नवी आहे, गुळगुळीत आहे. म्हणून वाटत असेल," ती म्हणाली.

त्याने बोल्ट लावला, मातीवर नेम धरला आणि घोडा ओढला.

नेहमीचा कडक आवाज आलाच नाही. फट्‌ करून काहीतरी फाटल्यासारखं झालं. दादाच्या तोंडाजवळ धुराचा भपकारा दिसला, रायफल त्याच्या हातातून गळून पडली आणि तो दोन्ही हातांनी डोळे झाकून खाली बसला. ओरडला नाही. "पाणी दे, पाणी दे," एवढंच म्हणत राहिला. मी कळशीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओतत होते. पाण्याबरोबर काळं वाहत होतं आणि मग लाल वाहायला लागलं. आत्या त्याच्या पाठीशी उभी राहून त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून होती. बटाईदार धावत गेला आणि शेजारच्या वस्तीवरून गाडी घेऊन आला.

मोठच्या दवाखान्यात त्यांनी डोळे धुतले, पट्ट्या बांधल्या आणि ताबडतोब झाशीला न्यायला सांगितलं. वाटेत आत्या मागच्या सीटवर दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. धुक्यामुळे गाडी सावकाश चालली होती. एकदाच दादा म्हणाला, "आत्या, तुला लागलं नाही ना?" तिने मान हलवली. त्याला ते दिसणार नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. मग मीच म्हटलं, "नाही लागलं."

झाशीच्या रुग्णालयात दुपारीच शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याची वरची कातडी भाजली आहे, ती भरून येईल. उजव्यात पितळेचा कण खोल गेला होता. तो काढला, पण त्या डोळ्याबद्दल आत्ता काही बोलता येणार नाही. "चश्मा आँख पर होता तो बच जाते," ते म्हणाले. इस्पितळातून कळवलं गेलं, तसे पोलीसही आले. सगळं लिहून घेतलं, अपघात म्हणून नोंद झाली, आणि रायफल अन् उरलेल्या गोळ्या ठाण्यात जमा झाल्या.

वहिनी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नव्हती. बाहेरच्या बाकावर ती एका टोकाला आणि आत्या दुसऱ्या टोकाला बसलेली. मी मधे. चहा आणावा म्हणून मी उठत होते तेवढ्यात आत्या म्हणाली, "सूनबाई, मला तुला एक सांगायचंय."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं.

"त्याने घोडा ओढण्याआधी मला विचारलं होतं. गोळी सैल बसतेय का म्हणाला. मी म्हटलं, नवी आहे म्हणून वाटत असेल. मी वळून बघितलंही नाही."

ही गोष्ट आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. पोलिसांनाही दादाने सांगितली नव्हती. आत्याने सांगितली नसती तर वहिनीला ती कधी कळलीही नसती. वहिनी उठली, पर्स उचलली आणि दादाच्या खोलीच्या दारापाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. त्यानंतर ती आत्याशी बोलली नाही. ती वाईट नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

आत्याला मी माझ्या खोलीत आणलं. ती जेवायला बसायची आणि ताटात हात फिरवून उठायची. तिच्या मनाने एक घेतलं होतं, की आतोबा गेल्यापासून रायफल नीट साफ झाली नाही, आत गंज धरला असेल आणि म्हणून ती फुटली. "दर दिवाळीला ते तेल घालायचे," ती सांगत होती. "मी नुसतं फडकं मारायची. ते असते तर मला बोलले असते."

दोन दिवसांनी इस्पितळाने दिलेली दादाच्या कपड्यांची पिशवी मी उघडली. शर्ट भिजवावा म्हणून खिसे चाचपले तर वरच्या खिशात एक गोळी होती. दुसरा बार काढावा लागला तर हाताशी असावी म्हणून त्याने ठेवली असणार. मी ती खिडकीत ठेवली. आत्याची थैली तिथेच होती. थैलीतून तिच्या शेतावरच्या किल्ल्या बाहेर आल्या होत्या आणि किल्ल्यांच्या जुडग्याला जुन्या गोळीची एक रिकामी पुंगळी अडकवलेली होती. आतोबांनी तिला भोक पाडून ती कधीतरी लावून दिली होती. मी ती हजार वेळा पाहिली असेल. त्या सकाळी ती नव्या गोळीच्या शेजारी होती म्हणून मी थांबले.

पुंगळी जुडग्यातून सोडवली आणि दोन्ही खिडकीच्या कठड्यावर उभ्या केल्या. जुनी पुंगळी रिकामी, तिच्या तोंडातलं शिसं कधीच उडून गेलेलं, तरी ती नव्या भरलेल्या अख्ख्या गोळीपेक्षा किंचित उंचच भरली. आणि जाड. फार नाही, पण बोटांच्या चिमटीत धरली की कळेल इतकी. मला बंदुकीतलं काही समजत नाही. पण एक दुसऱ्याच्या जागी बसणार नाही, एवढं कुणालाही समजलं असतं.

मी दोन्ही रुमालात बांधून दादाकडे गेले. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर अजून पट्ट्या होत्या. वहिनी औषधं आणायला खाली गेलेली होती. मी काही न सांगता एक वस्तू त्याच्या उजव्या हातात आणि एक डाव्या हातात दिली. त्याने बोटं फिरवली, टोकं चाचपली, मग हातांची अदलाबदल करून पुन्हा चाचपली. नकाशे काढणाऱ्या माणसाची बोटं ती.

"ही जुनी," तो म्हणाला. "आतोबांची."

"हो."

"आणि ही आपण आणलेली." त्याने तिचं बूड पुन्हा चाचपलं. मग म्हणाला, "ही तर त्या रायफलीची नव्हतीच गं."

त्याने मला गोळी परत दिली, पुंगळी मात्र मुठीत धरून ठेवली. "आत्याला सांगू नकोस," तो म्हणाला. "दुकानात तिनेच मागितली. तिला वाटेल, आपणच चुकीची गोळी विकत आणली, आपणच हातात दिली आणि विचारलं तर आपणच घाल म्हणालो."

"ती आत्ताही तेच म्हणतेय. वर आतोबांची रायफल आपण गंजवली असं म्हणतेय. रायफल फुटलेली नाही, हे तरी तिला कळू दे."

"तू सांग," तो म्हणाला. "पण असं सांग की मी शेजारी उभा होतो. दुकानदाराने पेटी माझ्या हातात दिली होती, आणि पेटीवरचं मीही वाचलं नाही. आणि सैल आहे हे मला कळलं होतं, तरी घोडा मीच ओढला. हे सगळं सांग."

मग त्याने मूठ उघडून पुंगळीही मला दिली. घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. आत्याने पुंगळी आणि गोळी आपल्या तळहातावर घेतली आणि उजेडात धरून पाहिली. पहिला प्रश्न तिने विचारला तो हा: "म्हणजे रायफल चांगली होती?"

"चांगली होती."

तिने डोळे पुसले. इस्पितळात, गाडीत, शेतावर, ती कुठेच रडली नव्हती. "बरं," ती म्हणाली. आणि मग, "उद्या दुकानात जाऊ."

मला वाटलं, ती भांडायला चालली आहे. दुकानदाराच्या मुलालाही तसंच वाटलं असणार, कारण दादाची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती आणि आम्हाला बघताच तो उठून उभा राहिला. आत्याने काउंटरवर पुंगळी ठेवली, तिच्या शेजारी गोळी ठेवली.

"बेटा, ज़रा देख लो," ती म्हणाली.

त्याने पुंगळी उचलली आणि तिचं बूड पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "दादीजी, ये तो मैग्नम की है."

आत्याने विचारलं, "ये बाईस नहीं है?"

"है बाईस ही. दोनों बाईस हैं." तो अडखळत समजावायला लागला. या गोळ्यांना बुडाशी मधोमध टोपी नसते, ठिणगी पडणारी दारू काठाच्या आत भरलेली असते आणि घोड्याचा फटका काठावर बसतो. म्हणून काठ सांभाळून धरला गेला की गोळी उडते, मग ती त्या नळीची असो वा नसो. मॅग्नमचं घर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, लांब आणि रुंद असतं. त्यात साधी गोळी घातली तर ती आत सरकते, पण तिच्या भोवती पोकळी राहते. पितळ पातळ असतं. बाजूने आधार नसला की ते फुगतं, चिरतं, आणि पुढे जायची आग मागे चेहऱ्यावर येते. "नली पर लिखा रहता है, दादीजी. लाइसेंस पर सिर्फ़ बाईस लिख देते हैं. मैग्नम की गोली तो अब आती भी नहीं. सब लोग बाईस बोलकर ही माँगते हैं."

"मैंने भी वही बोलकर माँगी," आत्या म्हणाली.

"मुझे पूछना चाहिए था."

"हाँ, पूछना था," आत्या शांतपणे म्हणाली. "मुझे भी देखना था. अब आगे जो भी बाईस माँगे, उससे पूछना कि नली पर क्या लिखा है. न पता हो तो वापस भेज देना. गुस्सा करे तो करने दो."

त्याने मान डोलावली. मग वाकून तिच्या पायांना हात लावला. आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही, हे मी पाहिलं नाही. तेवढ्यात मी रस्त्याकडे तोंड वळवलं होतं. तिथून आम्ही ठाण्यात गेलो आणि ती एक गोळीही जमा करून टाकली. तिथल्या हवालदाराने आमच्या सांगण्यावरून रायफल काढून नळी उजेडात धरली. मॅग्नम हा शब्द इंग्रजीत नीट कोरलेला होता. इतकी वर्षं होता.

पट्ट्या सुटल्या तेव्हा दादाचा डावा डोळा स्वच्छ होता. उजव्याला उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. डॉक्टरांनी ग्वाल्हेरला पाठवलं, तिथेही त्यांनी तेच सांगितलं. दादा घरी आला आणि पहिल्या सकाळी त्याने चहा कपाबाहेर ओतला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. पुढे तो किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायचा आणि मगच वाकवायचा. कार्यालयाने त्याला नकाशांवरून काढून दुसऱ्या टेबलावर बसवलं. पेन्सिलींचा डबा त्याने कपाटात वर ठेवून दिला, आणि तो वहिनीने ठेवू दिला.

आत्याने जमीन पूर्णपणे बटाईदाराकडे लावली आणि लायसन्स परत करायचा अर्ज दिला. मी तिच्यासोबत होते. कचेरीतल्या बाबूने सांगितलं, "माताजी, वारिस हो तो उसके नाम करवा लीजिए."

"वारिस है," आत्या म्हणाली. "उसके नाम नहीं करना."

ती कुठे राहणार, हा प्रश्न उरला. दादा म्हणाला, इथेच, दुसरं कुठे? पण आत्या म्हणाली की सूनबाईने सांगितल्याशिवाय ती या घरात कायमची येणार नाही, तोवर शेतावरच बरी. मग दादानेच वहिनीला विचारलं. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. वहिनी म्हणाली, "येऊ द्या त्यांना. म्हातारपणी एकट्या कुठे राहतील? पण मी विसरले आहे असं कुणी समजू नका." दादा म्हणाला, "कुणी समजत नाही."

आत्या आली. खालच्या मधल्या खोलीत तिची खाट टाकली. पहिले काही महिने घरात सगळं माझ्यामार्फत चालायचं. वहिनी मला सांगायची, आत्यांना विचार भात घालू का. आत्या मला सांगायची, सूनबाईला म्हणावं आज एकादशी आहे. दादाची मुलगी, जी मराठी समजते पण बोलताना हिंदीवर येते, एकदा वैतागून म्हणाली, "बुआ, ये लोग डायरेक्ट क्यों नहीं बोलते?"

डॉक्टरांनी दादाला रोज चालायला सांगितलं होतं. बाजाराच्या रस्त्यावर उजव्या बाजूने येणारी वाहनं त्याला दिसत नसत, म्हणून तो लष्कराच्या छावणीकडे जाऊ लागला. तिथले रस्ते रुंद आणि शांत आहेत, झाडांचे बुंधे पांढऱ्या चुन्याने रंगवलेले, वाहनं कमी. आत्या त्याच्या उजव्या हाताला चालायची. तिचे गुडघे दुखायचे, तरी ती एक दिवस चुकवत नसे. काही आलं की ती त्याचा कोपर जरासा दाबायची आणि दोघं कडेला उभे राहायचे.

मागच्या थंडीत एका संध्याकाळी ते असेच निघाले होते. मी वर कठड्यापाशी वह्या तपासत बसले होते. वहिनी फाटकाशी तुळशीला पाणी घालत होती. आत्या पायरी उतरून तिच्या बाजूने जाऊ लागली, तेव्हा वहिनी हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आत्या, गार वारा सुटलाय. कानाला बांधलं नाहीत काही."

आत्या थांबली. वहिनी घरात गेली, आपलीच शाल घेऊन आली आणि तिच्या हातात दिली. आत्याने ती डोक्यावरून घेतली, टोकं हनुवटीखाली ओढली. "आम्ही लवकर येतो," ती म्हणाली.

दोघं फाटकाबाहेर पडून छावणीच्या दिशेने वळले. वहिनीने तांब्या पुन्हा उचलला आणि उरलेलं पाणी तुळशीला घातलं.